सारखा विझणारा पेलेट बर्नर: दुरुस्ती, साधी शेगडी की गॅस?

पेलेट, म्हणजे भुसा किंवा शेतातला काडीकचरा दाबून केलेल्या छोट्या कांड्या, जाळणारा बर्नर सुरू होतो, दहा-पंधरा मिनिटं झकास जळतो आणि आपोआप बंद पडतो. पुन्हा बटण दाबायचं, पुन्हा वाट बघायची. सोलापुरात कडक भाकरीचा व्यवसाय करणाऱ्याला हे अजिबात परवडत नाही. ज्वारीची भाकरी कडक होते ती मंद, एकसारख्या आचेवर तिच्यातलं पाणी हळूहळू उडाल्यामुळे. मध्येच आच गेली आणि बर्नर परत पेटताना पूर्ण जोरात आला, की भाकरीला काळे डाग पडतात आणि मधला भाग चिवट राहतो. शेंगा चटणीवाल्यांचंही तेच. अर्धवट भाजलेला शेंगदाण्याचा घाणा दुसऱ्यांदा भाजला, की सालीजवळ करपतो आणि चटणीत कडवटपणा उतरतो.

अशा वेळी तीन पर्याय समोर असतात. आहे तो ऑटोमॅटिक बर्नर मार्गी लावायचा, हाताने पेलेट टाकायची पंख्याची शेगडी घ्यायची, किंवा सरळ १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरवर जायचं. माझं मत आधीच सांगून टाकतो: रोज राख काढणारा माणूस तुमच्याकडे आहे का, यावर हा निर्णय सगळ्यात जास्त अवलंबून आहे.

विकण्याआधी एवढं बघा

बर्नर नेमका कधी बंद पडतो याकडे लक्ष द्या. मेकॅनिक आला की बहुधा आधी सेन्सर बदलायला काढतो, पण निम्मं उत्तर या वेळेतच असतं.

पेटतच नसेल, तर पेटवणारा रॉड गेलेला असतो किंवा पेलेट ओले असतात. पेटून काही मिनिटांत विझत असेल, तर फोटोसेल बघा. ज्योत दिसते आहे की नाही हे कंट्रोलरला सांगणारा तो छोटा डोळा. त्याच्या काचेवर काजळी धरली, की आत आग धडधडत असली तरी कंट्रोलर ज्योत गेली असं समजतो आणि पेलेट सोडणं थांबवतो. बर्नर थंड करा, वीज बंद करा आणि मऊ कोरड्या फडक्याने काच पुसा. पार्ट बदलायचा विचार त्यानंतर.

तास-दोन तास नीट चालून मग दम तोडत असेल, तर जळणाचं भांडं बाहेर काढा. तळाच्या भोकांवर काळपट, काचेसारखा चकाकणारा थर बसलेला दिसेल. स्क्रू ड्रायव्हरने ढोसला तर चकत्यांसारखा निघतो. हा खंगर. तुराट्या, सोयाबीनचं भुसकट अशा शेतमालाच्या पेलेटमध्ये पोटॅश आणि मातीतली वाळू जास्त असते. जास्त तापमानाला ती राख वितळून एकमेकांना चिकटते, भोकं बुजतात, हवा मिळत नाही आणि ज्योत गुदमरते. धुराड्यात उडती राख साचली किंवा दाराची फट बंद करणारी दोरी झिजली तरी हवेचा दाब बिघडतो आणि प्रेशर स्विच मशीन बंद करतो.

हॉपर, म्हणजे पेलेटची टाकी, भरलेला असून आग मरत असेल, तर पेलेट पुढे ढकलणाऱ्या स्क्रूच्या तोंडावर ते कमान धरून अडकलेले असतात, नाहीतर तळाशी चुरा साचलेला असतो. आणि फक्त एप्रिल-मेच्या दुपारीच बंद पडत असेल, तर जास्त तापमानाचा सेफ्टी स्विच आपलं काम करतो आहे. बाहेर पारा ४२-४३ वर, त्यात भट्टीची बंद खोली. तिथे हवा खेळती करा. तो स्विच वायर जोडून टाळण्याचा उद्योग कुणालाही करू देऊ नका, कारण आग हॉपरकडे उलटी सरकू नये म्हणूनही असे स्विच बसवलेले असतात.

मग काय निवडायचं?

यातलं बहुतेक सफाईने आणि चांगल्या पेलेटने सुटतं. पण सफाई रोज व्हायला हवी. दिवसाला ५० किलो पेलेट जळत असतील आणि राख ८ टक्के असेल, तर रोज ४ किलो राख निघते. २ टक्केवाला लाकडी भुशाचा पेलेट घेतला तर एकच किलो. स्वस्त पेलेटमुळे वाचलेले पैसे नेमके इथे जातात. सकाळी भट्टी पेटण्याआधी अर्धा तास देणारा भरवशाचा माणूस असेल, तर ऑटोमॅटिक बर्नर ठेवा. एकसारखी आच आणि कमी खर्च दोन्ही त्यातच मिळतं.

हाताने भरायच्या शेगडीला ना सेन्सर, ना स्क्रू. फक्त पंखा आणि त्याचा रेग्युलेटर. खंगर इथेही होतो, पण तो डोळ्यांसमोर असतो आणि सळईने लगेच काढता येतो. मेसची आमटी-भात, शेंगदाणे भाजणं यासाठी मी हीच सुचवेन. कडक भाकरीसाठी नाही. दर भरणीला आधी धूर, मग भडका, मग उतरती आच, आणि भाकरीला ते चालत नाही.

गॅसला राख नाही, ज्योत हवी तेवढी बारीक होते. प्रश्न पैशाचा. गॅसची उष्णता किलोला साधारण ११,००० किलोकॅलरी, चांगल्या लाकडी पेलेटची ४,००० च्या आसपास. म्हणजे एका सिलिंडरची उष्णता जवळपास ५२ किलो पेलेटइतकी. बर्नरमध्ये वाया जाणारी धरून ६० किलो माना, शेतमालाच्या पेलेटला ७०. आजच्या सिलिंडरच्या दराला ६० ने भागा. पेलेटचा पोहोच दर त्याहून बराच कमी असेल तरच राखेचा व्याप करा. फरक रुपया-दोन रुपयांचा असेल, तर गॅसच घ्या. नगावर मजुरी घेणाऱ्या बायका तवा थंड म्हणून बसून राहतात, तो तोटा कुठल्याच हिशेबात लिहिला जात नाही.

पेलेटवर राहणार असाल तर इन्व्हर्टर हवाच, मग यंत्र कोणतंही असो. वीज गेली की पंखा थांबतो, पण भांड्यातले पेलेट धुमसत राहतात आणि धूर उलटा खोलीत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पेटलेला बर्नर चालू ठेवायला फक्त पंखा आणि छोट्या मोटरपुरती वीज लागते. जास्त वीज खातो तो पेटवणारा रॉड, तोही सुरुवातीलाच.

पेलेट घेताना पूर्ण गाडी मागवू नका. नव्या मालाचं एक पोतं आणा, १० किलो वजन करून जाळा आणि राख तोला. पाव किलोच्या आत आली तर माल घ्या. अर्ध्या किलोच्या वर गेली तर ऑटोमॅटिक बर्नरसाठी तो नकोच. पोती फळ्यांवर, भिंतीपासून लांब ठेवा. आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरात पडतो आणि ओल लागलेला पेलेट फुगून त्याचा भुसा होतो. पोत्याच्या तळाशी मूठभरापेक्षा जास्त चुरा निघाला, तर हॉपरमध्ये ओतण्याआधी चाळणीतून काढा.