‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ : पडझड नेमकी कुठून सुरू होते?

युद्धकाळात विमान कोसळून निर्मनुष्य बेटावर अडकलेली इंग्रज शाळकरी मुले अखेर एकमेकांच्या जिवावर उठतात, हे विल्यम गोल्डिंग यांच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ (१९५४) या कादंबरीचे कथानक अनेकांना ऐकून ठाऊक असते. त्या ऐकीव माहितीत सारे खापर शिकारी टोळीच्या म्होरक्यावर, म्हणजे जॅकवर, फुटते. प्रत्यक्ष वाचताना मात्र गोल्डिंग यांचा रोख सभ्य मुलांवरच अधिक असल्याचे जाणवते आणि माझ्या मते या रूपककथेची खरी ताकद तिथेच आहे.

पिगी या लठ्ठ, चष्मा लावणाऱ्या मुलाने आपले चिडवण्याचे नाव इतरांना न सांगण्याची विनवणी राल्फ या मुलाला केलेली असते, तरी राल्फ ते पहिल्याच सभेत फोडून टाकतो आणि हशा पिकतो. ही बारीकशी प्रतारणा करणाराच थोड्या वेळाने नेता म्हणून निवडला जातो, तोही त्याचे रूप आणि सभा बोलावण्यासाठी फुंकलेला हातातला शंख पाहून. डोके कोणाचे चालते, याचा विचार त्या मतदानात कोणाच्याही मनाला शिवत नाही. पुढे बोलता बोलता राल्फच्या मनावर जणू पडदा पडतो, शेकोटी कशासाठी (जहाजांना धूर दिसून सुटका व्हावी म्हणून) पेटती ठेवायची हेच त्याला आठवेनासे होते आणि पिगीला ते सुचवावे लागते. ज्या व्यवस्थेला स्वतःच्या नियमांचे कारणच आठवत नाही, ती मोडायला जॅकला फारसे कष्ट पडत नाहीत.

सायमन या शांत मुलाला रात्रीच्या बेभान नाचात सारी मुले मिळून ठार मारतात. त्यानंतरची सकाळ हा मला पुस्तकातील सर्वांत भेदक भाग वाटतो. त्या रात्रीच्या नाचात राल्फ आणि पिगीही सामील होते. राल्फ ‘खून’ हा शब्द उच्चारतो, तर विवेकाचा प्रतिनिधी मानला जाणारा पिगी अंधाराची, भीतीची आणि अपघाताची सबब पुढे करतो. जुळी भावंडे तर आपण आधीच निघून गेलो होतो असे सांगून मोकळी होतात. पुढे जॅकच्या टोळीत जाणाऱ्या रॉजरचे चित्रणही असेच नेमके आहे. सुरुवातीला तो एका लहान मुलाच्या दिशेने दगड फेकतो, पण शाळा, पोलीस आणि कायदा यांच्या धाकाने मुद्दाम नेम चुकवतो. तो धाक ओसरल्यावर रॉजर काय करतो, ते वाचकाने स्वतःच वाचावे.

सायमनच्या बाबतीत मात्र रूपक व्यक्तीवर कुरघोडी करते. तो मुलगा कमी आणि संतच अधिक वाटतो. पिगीला लांबचे दिसत नाही, म्हणजे त्याच्या चष्म्याची भिंगे अंतर्गोल असणार; मुले त्याच चष्म्याने उन्हात जाळ पेटवतात, पण तशा भिंगांनी जाळ पेटत नाही, ही चूक तर प्रसिद्धच आहे.

अधिक गंभीर आक्षेप निष्कर्षाबाबत आहे. १९६५ साली पॅसिफिक महासागरातील टोंगा या बेटांच्या देशातील सहा मुले ‘अता’ बेटावर अडकली आणि वर्षभराहून अधिक काळ एकोप्याने राहून सुखरूप परतली. आग विझू न देण्याचे काम त्यांना जमले. म्हणून या कादंबरीकडे समस्त मानवजातीवरचा निवाडा म्हणून पाहू नये. दुसऱ्या महायुद्धात नौदलात लढलेल्या एका इंग्रज शिक्षकाने, म्हणजे गोल्डिंग यांनी, राल्फ आणि जॅक ही नावे बेटावरच्या शूर इंग्रज मुलांची कथा सांगणाऱ्या बॅलंटाइनच्या ‘द कोरल आयलंड’ या कादंबरीतून (१८५७) उचलून, आपल्याच समाजाच्या श्रेष्ठत्वाच्या समजुतीवर केलेला हा प्रहार आहे आणि तसा वाचल्यास तो आजही वर्मी लागतो.