मॅट आली, खेळ आलाच नाही

आमच्या बेळगावच्या वडगावात जूनमध्ये पाऊस लागला की पोरं उंबऱ्यात उभी राहून गल्लीकडे बघत बसतात. मैदान चिखलाचं, अंगण ओलं, आणि घरात दोन खोल्यांत किती पळणार? थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. शाळेतून आली की दोघंही मोबाइलला चिकटायची. मी शिलाई मशीनवर, यांची मागावर पाळी. मुलांच्या अंगाला जरा हालचाल व्हावी, एवढीच माझी इच्छा होती.

त्याच आठवड्यात फोनवर जाहिरात दिसली. दोन मुलं मोठ्या टीव्हीसमोर रंगीत मॅटवर नाचतायत, पडद्यावर एक बाई नाचून दाखवतेय, मुलं तिच्यासारखेच हात वर करतायत, कंबर फिरवतायत, आणि खाली गुण वाढत चाललेत. वर लिहिलेलं: टीव्हीला जोडा आणि नाचा, १००० गाणी, वय ४ ते १४. किंमत ५,९९९ वर काट मारून १,९९९. पार्सल आल्यावर पैसे. थोरलीने ते दहा वेळा बघितलं. साधा ब्लाऊज शिवायचे मी २०० रुपये घेते. म्हणजे दहा ब्लाऊजची शिलाई. विचार केला, लग्नसराईचे थोडे बाजूला आहेत, देऊ या.

पुढचे आठ दिवस रोज एकच प्रश्न. ‘आई, पार्सल कधी येऊलंय गे?’

आलं तेव्हा भर पावसात आलं. पोऱ्याने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला खोका दिला. मी म्हटलं, उघडून बघू का? तो म्हणाला, ‘अक्का, पैसे दिल्याशिवाय उघडायला देता येत नाही, तसा नियम आहे आमचा.’ त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही. मी क्यूआर स्कॅन करून पैसे दिले, तो पुढच्या गल्लीत गेला आणि आम्ही खोका फोडला.

आत एक घडीची प्लास्टिकची मॅट. साधारण तीन फूट लांब, वर चार बाण छापलेले: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. एक वायर, तिच्या टोकाला यूएसबी. बस. सीडी नाही, दुसरी पेटी नाही, गाण्यांची यादी नाही. माहितीचा कागद होता, त्यावर ओळखू येईल असं एकही अक्षर नव्हतं. थोरलीने वायर टीव्हीच्या मागे लावली, पेन ड्राइव्ह लावतो त्याच जागी. पडद्यावर आलं की हे उपकरण चालत नाही. काढली, पुन्हा लावली. धाकटा तोवर मॅटवर उड्या मारत होता आणि टीव्हीकडे बघत होता, आता काहीतरी सुरू होईल म्हणून. मला तो चेहरा आजही आठवतो.

रविवारी बहिणीचा मुलगा शहापूरहून आला. इंजिनिअरिंगला आहे. त्याने वायर हातात घेतली आणि म्हणाला, ‘मावशी, हे नुसतं बटनाचं बोर्ड हाय की. खेळ कुठाय?’

तिथे मला पहिल्यांदा कळलं, आणि हेच तुम्हाला सांगायचं आहे. मॅटमध्ये खेळ नसतो. मॅट म्हणजे पायाने दाबायचा रिमोट. बाणावर पाय पडला की ती फक्त एवढंच कळवते की हा बाण दाबला गेला. गाणं वाजवणारं, वर सरकणारे बाण दाखवणारं, गुण मोजणारं यंत्र दुसरं लागतं: कॉम्प्युटर, नाहीतर गेमची पेटी. टीव्हीचं ते यूएसबीचं भोक बहुतेक वेळा फोटो-व्हिडिओ बघायला दिलेलं असतं. तिथे मॅट खुपसून खेळ उगवत नाही.

मी त्याला जाहिरातीचं सांगितलं, थोरलीने हात वर करून, कंबर फिरवून दाखवलं. तो लगेच म्हणाला, हा तर वेगळाच खेळ. ‘जस्ट डान्स’ नावाचा खेळ २००९ पासून आहे, त्यात पडद्यावरच्या माणसासारखं नाचायचं असतं. त्याला मॅट लागतच नाही. हातात कंट्रोलर किंवा मोबाइल धरायचा, हाताच्या हालचालीवरून गुण मिळतात. बाणांच्या मॅटचा खेळ त्याच्या आधीचा, जपानमध्ये कोनामी कंपनीने १९९८ साली दुकानात नाणं टाकून खेळायच्या मशीनवर आणलेला ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’. घरातल्या बाणांच्या मॅटा त्याच धर्तीच्या. तिथे फक्त पाय मोजले जातात.

म्हणजे जाहिरातीत एका खेळाचं चित्र आणि खोक्यात दुसऱ्या खेळाचं अर्धं सामान. जाहिरातीतल्या मुलांचे हात हलत होते. मॅटला हात कळतच नाहीत! हे मी तेव्हा बघायला हवं होतं. तुम्ही बघा. व्हिडिओत मुलं हात वापरून गुण मिळवत असतील आणि विकायला मॅट असेल, तर तिथेच थांबा.

परत करायचं ठरवलं. जाहिरात पुन्हा शोधली, नव्हती. जिथून ऑर्डर केली होती त्या पानावर गेले, तर तिथे आता मिक्सरची भांडी. पानाच्या तळाशी लिहिलेलं होतं की सात दिवसांत स्वतःच्या खर्चाने कुरिअर करा, पण पत्ता अर्धाच, दुकानाचं नाव नाही, फोन नाही. ईमेल केला, उत्तर नाही. मग मी एक मोठी चूक केली. त्या पानाच्या नावापुढे ‘कस्टमर केअर’ लिहून गुगलवर नंबर शोधला आणि पहिला दिसला त्याला फोन लावला. समोरचा माणूस हिंदीत अगदी अदबीने बोलला. म्हणाला, मॅडम, रिफंड मंजूर आहे, मी क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, पिन टाका, पैसे खात्यात येतील. मी स्कॅन केला, पिन टाकायला लागले. शेवटचा आकडा राहिला होता. थोरली शेजारी उभी होती, तिने पडद्यावरचं वाचलं. ‘आई, इथं पे असं लिहिलंय.’

मी फोन खाली टाकला. हात थरथरत होते. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. हे मी स्वतः चार बायकांना सांगितलेलं आहे, आणि तरी गेलेले पैसे परत मिळवायच्या घाईत तेच करत होते. त्यातून कुणाचे पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा. तो सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, आणि जितका लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

दुसऱ्या दिवशी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. इथे एक गोष्ट सीमाभागातल्या बायकांसाठी मुद्दाम लिहिते. तिथे मराठीतही बोलता येतं आणि कन्नडमध्येही, त्यामुळे भाषेच्या भीतीने मागे राहू नका. तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. बाईंनी विचारलं: विक्रेत्याचं नाव? पत्ता? बिल? जाहिरातीचा फोटो? माझ्याकडे फक्त पैसे दिल्याचा मेसेज. खोका उलटासुलटा करून बघितला. पॅकबंद वस्तूवर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी, तक्रारीसाठी नंबर असलं पाहिजे असा कायदा आहे. आमच्या खोक्यावर एक बारकोडची चिकटपट्टी, बाकी कोरा. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तोही नव्हता.

जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, हे मला नंतर समजलं. पण तक्रार करायची कुणाच्या नावाने? समोर माणूसच नाही. माझे १,९९९ परत आले नाहीत. ज्याचं नाव-गाव खोक्यावर नाही, त्याच्यापर्यंत कायदा पोहोचवायचा कसा, हे मला अजूनही कुणी सांगू शकलेलं नाही.

मॅटचं पुढे काय झालं तेही सांगते, कारण त्यातून खरं काय विचारायचं ते कळलं. भाच्याने त्याच्या जुन्या लॅपटॉपवर ‘स्टेपमेनिया’ नावाचा खेळ घातला. तो फुकट आहे, बाणांच्या मॅटवर चालतो. मॅट लावली, बटणं ओळखायला शिकवली, आणि काय सांगू, खेळ सुरू झाला! पोरांनी ओरडून घर डोक्यावर घेतलं. गाणी मात्र वेगळी मिळवावी लागतात, आणि प्रत्येक गाण्याला बाण आधी बसवलेले लागतात. आपलं आवडतं मराठी गाणं घातलं की झालं, असं नाही. लॅपटॉप केबलने टीव्हीला जोडला तर पाय बरोबर पडूनही चुकलं म्हणायला लागला. टीव्ही चित्र जरा उशिरा दाखवत होता. सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू केल्यावर बराच फरक पडला.

फरशीवर मॅट सरकायची, म्हणून चारी कोपरे पट्टीने चिकटवले. पायमोजे घालून नाचू देऊ नका, धाकटा एकदा जोरात आपटला. पावसाने वीज गेली की लॅपटॉप चालायचा, टीव्ही नाही, तरी पोरं त्या छोट्या पडद्यासमोर नाचायची.

तिसऱ्या आठवड्यात उजवा बाण मेला. यांनी माझ्या कात्रीने कडेची शिवण उसवली. आत प्लास्टिकचे दोन पातळ पापुद्रे, दोन्हींवर काळ्या रेषा, आणि मध्ये भोकं पाडलेला स्पंज. पाय पडला की भोकातून वरचा पापुद्रा खालच्याला टेकतो, पाय उचलला की स्पंज त्यांना वेगळं करतो. उजव्या बाणाखाली स्पंज चपटा होऊन गेला होता आणि काळी रेष घडीवर तुटली होती. हे म्हणाले, ‘घडी घालून ठेवायचीच नव्हती ही, गुंडाळायची.’ जाड फोमच्या मॅटा जास्त टिकतात, पण त्या महाग असतात, आणि त्यांनाही खेळ वेगळाच लागतो.

म्हणून घेण्याआधी विकणाऱ्याला सरळ विचारा: खेळ कशावर चालणार? कॉम्प्युटर लागेल म्हणाला, तर आपल्याकडे तो आहे का बघा. सोबत पेटी आहे, खेळ तिच्यातच आहे म्हणाला, तर तिची वायर कसली ते विचारा. लाल-पांढऱ्या-पिवळ्या तीन टोकांची असेल, तर टीव्हीमागे तशी भोकं आहेत का ते आधी बघा, नव्या टीव्हींना ती बऱ्याचदा नसतात. उत्तर देताना तो नुसतं ‘सगळ्या टीव्हीला चालते’ म्हणत राहिला, तर समजा त्याला माहीत नाही किंवा सांगायचं नाही. ऑर्डरच्या आधी जाहिरातीचा आणि विक्रेत्याच्या नाव-पत्त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. खोका उघडताना घरातल्या कुणालातरी व्हिडिओ काढायला सांगा.

धाकट्यासाठी मी पुढे खडे बाजारातून सेलवर चालणारी छोटी मॅट घेतली. तिच्यातच गाणी, तिच्यातच दिवे, टीव्हीची गरज नाही. दुकानदाराने सेल घालून, वर पाय ठेवून दाखवली, आयएसआयची खूण खोक्यावर होती, पक्कं बिल दिलं. त्याच्या वयाला तीच बरी.

गेल्या आठवड्यात शेजारची वहिनी फोन घेऊन आली. तीच मुलं, तोच टीव्ही, तेच हात वर. नाव दुसरं, किंमत १,४९९. ऑर्डर करून झालेली. मी तिला घरी नेऊन आमची फाडलेली मॅट दाखवली, स्पंजची भोकं दाखवली. तिने विचारलं, ‘आता आलेलं पार्सल नको म्हणता येतं का?’ पैसे दिलेले नसतील तर येतं. गुरुवारी पोऱ्या आला तेव्हा तिने दारातूनच सांगितलं, घ्यायचं नाही. तो काही न बोलता खोका पिशवीत टाकून गेला.