ओबीडी स्कॅनर आणि थरथरणारे इंजिन : आठ महिन्यांच्या वापरानंतर

घाटंजी तालुक्यातील आमच्या गावाहून यवतमाळ चाळीसेक किलोमीटर असल्यामुळे गाडीची कोणतीही तक्रार उद्भवली की एक पूर्ण दिवस मोडतो. गेल्या दिवाळीनंतर माझी २०१४ ची पेट्रोल गाडी उभी असताना थरथरू लागली. रस्त्यावर ती व्यवस्थित धावे. पण न्यूट्रलला आणून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की आरपीएमचा काटा साडेसातशेवरून पाचशेपर्यंत घसरे, आतला आरसा हलू लागे आणि एसी चालू असल्यास इंजिन बंदही पडे. आईला दवाखान्यात नेताना भर चौकात दोनदा गाडी बंद पडली, तेव्हा दुर्लक्ष करणे अशक्य झाले.

एका गॅरेजमध्ये स्पार्क प्लग बदलून थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ केली. चार दिवस बरे वाटले, मग पुन्हा तेच. पुढे इग्निशन कॉइल आणि इंजेक्टर बदलण्याचा सल्ला मिळाला, त्याचा खर्च बारा हजारांच्या वर जात होता. तो करण्याआधी मी मोबाइलला ब्लूटूथने जोडला जाणारा नऊशे रुपयांचा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड आणि आकडे वाचणारे छोटे यंत्र, मागवला. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये तो बसवला की झाले.

स्कॅनरने पहिल्याच दिवशी पी ०१७१ हा कोड दाखवला. मिश्रण लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे, एवढाच त्याचा अर्थ. कोणता भाग बिघडला हे कोड सांगत नाही. कोड पाहून लगेच ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदलणे ही चूक ठरते, कारण बहुतेक वेळा तो सेन्सर खरी बातमीच देत असतो.

उत्तर मिळाले ते फ्युएल ट्रिमच्या, म्हणजे संगणक पेट्रोलमध्ये करत असलेल्या कमी-जास्तीच्या, आकड्यांत. इंजिनाचे तापमान ८५ अंशांपुढे गेल्यावर आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असताना, लाँग टर्म ट्रिम (संगणकाने शिकून कायम ठेवलेली दुरुस्ती) अधिक १९ टक्के होता, म्हणजे संगणक ठरल्यापेक्षा तेवढे जास्त पेट्रोल सोडून तूट भरून काढत होता. आरपीएम अडीच हजारांवर धरल्यावर शॉर्ट टर्म (क्षणाक्षणाची दुरुस्ती) आणि लाँग टर्म मिळून बेरीज अधिक ४ वर आली. हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे कोठे तरी चीर असेल, तर तिच्यातून शिरणारी हवा मोजलीच जात नाही. आयडलिंगला इंजिन मुळात थोडी हवा ओढते, त्यामुळे त्या चोरट्या हवेचा वाटा मोठा ठरतो. वेग वाढला की तो नगण्य होतो. पेट्रोल पंप किंवा फिल्टर अशक्त असता तर उलट जोर वाढल्यावर आकडा बिघडला असता. म्हणून मी इंजेक्टरचा नाद सोडून नळ्यांकडे वळलो.

मिस्त्री म्हणाले, “भाऊ, नळ्या तर चांगल्याच दिसतात.” वरून तशाच दिसत होत्या. पीसीव्हीची नळी (इंजिनातले वायू परत हवेच्या वाटेवर नेणारी) मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाला, जाताना जिथे वळते, तिथे खालच्या बाजूने बोट फिरवले तेव्हा नखाएवढी चीर लागली. नळी वाकवली की ती ओठांसारखी उघडे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्यात बॉनेटखालचे रबर दहा वर्षांत लाकडासारखे कडक झाले होते. नवी नळी २४० रुपयांना आली आणि दोन आठवड्यांत ट्रिम अधिक ३ वर स्थिरावला.

मे महिन्यात एसी लावल्यावर काटा पुन्हा डळमळला, परंतु ट्रिम ठीक होता; या वेळी थ्रॉटलच्या पाकळीभोवती काजळी साचली होती. साफसफाईनंतर बॅटरी काढून जोडल्यामुळे आयडलिंग थोडा वेळ अकराशेवर राहिले, मग संगणकाने ते शिकून घेतले.

उणिवाही सांगतो. आकडे फोनवर रेंगाळत येतात, त्यामुळे क्षणभराचा मिस (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणे) पकडता येत नाही. ब्लूटूथ अधूनमधून तुटते. गाडी बंद असतानाही स्कॅनर थोडा करंट घेत राहतो. कापूस वेचणीच्या दिवसांत गाडी दहा दिवस उभी राहिली, स्कॅनर सॉकेटमध्येच होता आणि ऐन वेळी सेल्फ लागला नाही. तेव्हापासून काम झाले की तो काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवतो.