वाफेचे गणित चोख, अनिश्चिततेचे मात्र जपून
जड तेलाच्या साठ्यात वाफ सोडल्यावर पुढे काय घडेल याचे गणित मांडणारा एक व्यावसायिक सिम्युलेटर आणि त्याला जोडून विकले जाणारे अनिश्चितता-विश्लेषणाचे मोड्यूल आमच्या गटाने बराच काळ वापरले आहे. विक्रेत्याचे नाव येथे देत नाही. मत थोडक्यात असे की सिम्युलेटर निःशंकपणे घ्यावा. मोड्यूल मात्र गटात संख्याशास्त्राची चांगली जाण असलेली व्यक्ती असेल तरच घ्यावे.

वाफेचा सारा खटाटोप श्यानतेसाठी, म्हणजे तेलाचा घट्टपणा कमी करण्यासाठी असतो. कॅनडातील अथाबास्काचे बिटुमेन, म्हणजे डांबरासारखे अतिजड तेल, साठ्याच्या मूळ तापमानाला इतके घट्ट असते की त्याची श्यानता दहा लाख सेंटिपॉइजच्या घरात जाते, आणि तेच 200 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवले की ती दहाएक सेंटिपॉइजवर येते. एवढी मोठी घसरण तक्त्यातील मोजक्या नोंदींवरून उभी करायची असते. या सिम्युलेटरमध्ये दोन नोंदींमधली किंमत लॉगरिदमच्या आधारे काढली जाते, त्यामुळे तेलाच्या दरात कृत्रिम उड्या दिसत नाहीत. साठ्याच्या वरच्या आणि खालच्या खडकात निसटणाऱ्या उष्णतेसाठी विन्सम आणि वेस्टरवेल्ड यांची 1980 सालची पद्धत वापरलेली असल्याने त्या खडकांचे वेगळे ग्रिड, म्हणजे गणितासाठीच्या चौकटींची जाळी, बांधावे लागत नाही. खात्री करून घेण्यासाठी आम्ही वाफ-अंतःक्षेपणाचा (वाफ साठ्यात सोडण्याचा) एसपीई या पेट्रोलियम अभियंत्यांच्या संस्थेचा चौथा तुलनात्मक प्रश्न चालवून पाहिला. 1987 साली तो प्रसिद्ध झाला तेव्हा निरनिराळ्या सिम्युलेटरांच्या उत्तरांत जेवढी तफावत होती, तिच्या मर्यादेतच आमची उत्तरे बसली.

रॉजर बटलर यांनी विकसित केलेल्या सॅग-डी पद्धतीत सुमारे पाच मीटरच्या अंतराने एकावर एक दोन आडव्या विहिरी असतात. वरचीतून वाफ सोडली जाते आणि पातळ झालेले तेल गुरुत्वाकर्षणाने खालचीत उतरते. अशा साठ्याच्या संगणकीय प्रतिकृतीत विहिरींच्या आडव्या छेदात चौकटी मीटरभराच्या ठेवाव्या लागतात. त्या मोठ्या केल्या तर वाफ एकेका चौकटीत शिरताना तेलाच्या दराचा आलेख करवतीच्या दातांसारखा होतो, आणि नवखा माणूस ते दात साठ्याचेच वर्तन समजून बसतो. प्रत्येक चौकटीचे तापमान आणि वाफेचे प्रमाण शेजारीशेजारी दाखवण्याची सोय येथे असल्याने ही गफलत लगेच लक्षात येते.

अनिश्चितता-मोड्यूलबद्दल इतके चांगले लिहिता येत नाही. सच्छिद्रता, पार्यता (खडकातून द्रव वाहू देण्याची क्षमता), शेल या चिकणमातीच्या खडकाच्या पट्ट्यांची लांबी अशा राशींचे पल्ले दिले की ते लॅटिन हायपरक्यूब पद्धतीने, म्हणजे प्रत्येक पल्ल्याच्या सर्व भागांतून, नमुने काढून प्रतिकृती चालवते; पण राशींमधला परस्परसंबंध आपण स्वतःहून भरला नाही, तर प्रत्येक रास स्वतंत्र धरली जाते. परिणामी सच्छिद्रता अत्यल्प आणि पार्यता भरघोस असे वाळूच्या खडकात सहसा न आढळणारे खडक बिनदिक्कत तयार होतात, आणि कोणतीही सूचना येत नाही. त्याहून गंभीर बाब प्रॉक्सीची, म्हणजे मोजक्या धावांवरून (प्रतिकृती चालवण्याच्या खेपांवरून) बसवलेल्या आणि पुढे हजारो वेळा वापरल्या जाणाऱ्या सोप्या समीकरणाची. मुळातच निवडलेला पर्याय वर्गसमीकरणाचा आहे. शेलची पट्टी ठरावीक लांबीपर्यंत वाफेच्या कक्षाला, म्हणजे साठ्यातील वाफेने व्यापलेल्या भागाला, अडवत नाही आणि त्यापुढे एकदम अडवते. अशी पायरी वर्गसमीकरणात मावत नाही. तरीही अहवालात आर-वर्गाचा, म्हणजे समीकरण धावांशी किती जुळते याचा, आकडा झकास दिसतो, कारण तो ज्या धावांवर समीकरण बसवले त्याच धावांवर काढलेला असतो. बाजूला ठेवलेल्या धावांवर तपासणी करण्याची सोय आहे, पण ती प्रगत पर्यायांत खोलवर दडलेली आहे.

पी-10 आणि पी-90 च्या खुणांकडेही लक्ष द्यावे. तेलसाठ्याच्या अंदाजांत पी-90 हा कमी आकडा असतो, म्हणजे त्याहून अधिक तेल मिळण्याची शक्यता 90 टक्के. हे मोड्यूल मात्र संख्याशास्त्रातील शततमकाच्या रीतीने मोठ्या आकड्याला पी-90 म्हणते. सेटिंग बदलता येते, पण आधी निर्यात केलेले तक्ते जुन्याच खुणांचे राहतात. वाफ-तेल गुणोत्तराच्या (एकक तेलामागे किती वाफ लागते त्याच्या) आलेखात घोळ आणखी वाढतो, कारण तेथे मोठा आकडा हाच वाईट असतो.

मदतपुस्तिका सिम्युलेटरपुरती उत्तम आहे, तर मोड्यूलची केवळ मेनूंचे वर्णन करते. परवान्यांची अट आधीच नीट वाचून घ्यावी: एकाच वेळी चालणाऱ्या प्रत्येक धावेला वेगळा परवाना लागतो. मीटरभराच्या चौकटींच्या शेकडो प्रतिकृती एकापाठोपाठ एक चालवणे व्यवहार्य नसते, म्हणून दरपत्रक मागवताना समांतर धावांसह मागवावे आणि चाचणीच्या काळात विक्रेत्याचे नमुना-उदाहरण न चालवता आपल्याच क्षेत्राची माहिती भरून पाहावी.