देणगी देण्याआधी: धर्मादायचा ट्रस्ट की कलम ८ ची कंपनी?

२०१९ च्या महापुरानंतर सांगलीत मदतीला अनेक संस्था उतरल्या. पावती सगळ्याच देतात, हिशेब कुठे बघायचा हा खरा प्रश्न.

कलम ८ ची कंपनी, म्हणजे नफा न वाटता समाजकार्यासाठी काढलेली कंपनी, असेल तर काम सोपं. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ती ताळेबंद एओसी-४ या नमुन्यात आणि वार्षिक विवरण एमजीटी-७ या नमुन्यात भरते. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ठरावीक शुल्क भरा, घरबसल्या बघा.

ट्रस्टचं तसं नाही. ट्रस्टची नोंदणी जिथे होते त्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करून नक्कल मागावी लागते, हेलपाटेही पडतात. पण हातात येतं ते जास्त बोलकं असतं. १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालच्या अनुसूची ९ मध्ये, म्हणजे उत्पन्न-खर्चाच्या ठरलेल्या नमुन्यात, विश्वस्तांचं मानधन, आस्थापना खर्च आणि उद्दिष्टांवरचा खर्च वेगवेगळ्या रकान्यांत असतो. शिक्षण किती, वैद्यकीय मदत किती, हेही सुटं दिसतं. मी आधी हाच कागद उघडतो. मग त्याच कायद्याच्या नियमांपैकी नियम १९ खालचा लेखापरीक्षकाचा अहवाल: व्हाउचर होती का, रोख शिल्लक जुळली का, पैसा नियमबाह्य गुंतवला का, याची थेट उत्तरं त्यात असतात. कंपनीच्या ताळेबंदात हे टिपांमधून शोधत बसावं लागतं.

म्हणून पटकन पडताळायचं असेल तर कंपनी बरी; पण मोठी रक्कम द्यायची असेल तर ट्रस्टची तीन वर्षांची अनुसूची ९ शेजारी शेजारी ठेवून वाचाच. संस्थेने स्वतःहून ती दाखवली तर माझ्या लेखी तिचं वजन वाढतं.