छोटा पिकअप, मागे ट्रेलर आणि घाट: गिअरबॉक्सचा ऑइल कूलर
ऑटोमॅटिक पिकअपला गिअरबॉक्सचं तेल थंड ठेवणारा वेगळा ऑइल कूलर बसवून आता वर्ष होत आलं. ट्रेलर ओढून घाट चढणार असाल तर हा आधी बसवा, बाकी सगळं नंतर. पूर्वी काय व्हायचं, चढाला गिअर सारखा वर-खाली व्हायचा, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) स्लिप होऊन तेल तापायचं आणि वॉर्निंग लाइट लागली की गाडी बाजूला घेऊन अर्धा तास थांबायचं, आता तोच ट्रेलर, तोच चढ आणि लाइट एकदाही लागली नाही. ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा, इंधन वाचवणारा गिअर) मात्र बंदच ठेवा. पॉवर वाढत नाही हां याने, बिनटर्बोचं इंजिन दर 300 मीटर उंचीला साधारण 3 टक्के ताकद गमावतं ते गमावतंच. उताराला खालचा गिअर आणि ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक हवेतच, नुसत्या गाडीच्या ब्रेकवर उतरलात तर ते तापून धरायचेच बंद होतात, मी तो जळका वास घेतलाय, परत नको. आणि माल असा लावा की ट्रेलरच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भार हिचवर (गाडी-ट्रेलरच्या जोडावर) येईल, मागे जास्त झाला की ट्रेलर डोलायला लागतो. कूलरच्या नळ्या नीट आवळून घ्या, माझ्याकडे पहिला आठवडा थेंब थेंब गळत होतं.