सुट्टीत मुलाच्या हाती आधी काय द्यावं : हॅरी पॉटर की फास्टर फेणे?

खानदेशात मे महिन्याच्या दुपारी पोरांना घराबाहेर सोडता येत नाही. पाचवी ते सातवीतल्या मुलासाठी पुस्तक घ्यायचं म्हटलं की दोन नावं पुढे येतात : ‘हॅरी पॉटर आणि परीस’ आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. नायक दोन्हीकडे शाळकरीच, पण वाचकाकडून दोघांची मागणी वेगळी.

जादूच्या निवासी शाळेत जाणाऱ्या हॅरीचं मूळ इंग्रजी पुस्तक 1997चं. मुलं त्यात गुंततात ती नुसत्या जादूमुळे, असं वाटत असेल तर पहिल्या मंत्राचा तास वाचा. पीस हवेत उडवायचं असतं. उच्चार चुकला किंवा मनगट नीट फिरलं नाही, तर पीस जागचं हलत नाही. जादूलाही गृहपाठ आहे, वार्षिक परीक्षा आहे. रात्री वसतिगृहाबाहेर भटकताना सापडल्याबद्दल हॅरीसह तिघांचे प्रत्येकी 50 असे 150 गुण एकदम कापले जातात आणि अख्खं हाऊस, म्हणजे शाळेतला त्यांचा गट, त्यांच्याशी अबोला धरतं. मार्कांचा आणि मास्तरांचा धाक ओळखीचा असल्यामुळे जादूही खरी वाटते. शिवाय घरात ज्याला कुणी विचारत नाही, त्या पोराच्या नावाने पत्र येतं. अकराव्या वर्षी याहून मोठं आमिष कुठलं?

अडचण सुरुवातीची आहे. प्रकरणं 17, आणि शाळेत पाऊल पडतं ते सहाव्याच्या शेवटी. पहिलं प्रकरण तर बहुतेक मोठ्या माणसांचंच. पुष्कळ मुलं तिथेच पुस्तक ठेवून देतात. म्हणून पहिली तीन प्रकरणं घरातल्या कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवावीत. पहिल्यालाच अर्धा तास जातो. पाचव्यापासून नावांची गर्दी होते, तेव्हा कागदावर मुलं एकीकडे आणि शिक्षक दुसरीकडे लिहून ठेवावेत. सहाव्यातला रेल्वेचा पावणेदहा नंबरचा प्लॅटफॉर्म भुसावळच्या पोराला समजावून सांगावा लागणार नाही. सिनेमा मात्र आधी दाखवू नका. खरा गुन्हेगार सतराव्या प्रकरणात कळतो, तीच गंमत जाते.

फास्टर फेणेला अशी तयारी लागत नाही. फुरसुंगीचा बनेश पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकलवर टांग मारतो आणि ‘ट्टॉक’ म्हणत भानगडीत शिरतो. वाक्यं बोलकी, घडामोडी झपाट्याच्या. पुस्तकं स्वतंत्र असल्याने कुठूनही सुरू करता येतात. काळ जुना आहे, मोबाइल नाही, हे आधी सांगितलं की भागतं.

एका बैठकीत वीस पानं न वाचणाऱ्याला आधी फेणेच द्यावा. वाचनाची सवय असलेल्याला हॅरी, आणि तोही मराठीतच. सेमी इंग्रजीतल्या, घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाच्या हाती मूळ इंग्रजी दिलं की तो शब्दार्थातच अडकतो, असं बऱ्याचदा होतं. मराठी वाचून झाल्यावर तेच इंग्रजीत घ्यावं, गोष्ट माहीत असल्याने जड जात नाही.

नंदुरबार-धडगावकडच्या आश्रमशाळेच्या ग्रंथालयासाठी मात्र आम्ही हॅरीच आधी सुचवू. घरापासून लांब, खोलीत इतरांबरोबर झोपणं, टेबलावर आपोआप भरणारी ताटं : ही पानं वसतिगृहातल्या पोरांना वेगळीच भिडतात.

हॅरीचे सातही भाग एकदम घेऊ नका. चौथ्यापासून पुस्तकं जाडजूड होतात आणि त्याच भागात एक विद्यार्थी मारला जातो. तिसऱ्यानंतर वर्षभर थांबलं तरी चालेल.